तीन गाड्या, सहा जोड्या

“बैल किती?” वामनरावांनी विचारले.

“सहा,” नत्थुजी म्हणाले.

“आणि गाड्या?”

“तीन.”

“म्हणजे जोड्या तीन. आता एकेका बैलाचा जोडीदार सांगा.”

नत्थुजींनी डोक्याचा रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला आणि मोठ्या सौजन्याने विचारले, “आजचा सांगू का उद्याचा?”

वामनरावांची लेखणी थांबली. नोंदवहीत ‘जोडीदार’ असा एक रकाना होता. तो दोन बोटे रुंद होता आणि त्यात एका नावापुरतीच जागा होती. वाराचा रकाना कुठेच नव्हता.

कापसाची वर्षे होती ती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस बंद झाला होता आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. आगगाडीचे रूळ अजून अमरावतीपर्यंत पोचले नव्हते. त्यामुळे कापूस अकोल्याकडे न्यायचा तो बैलगाडीनेच, आणि ऐन वेळी गाड्या मिळत नाहीत म्हणून अमरावतीच्या कचेरीतला इंग्रज साहेब रोज चिडत होता. अखेर त्याने हुकूम काढला की नांदगावच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीची तिच्या जोडीसकट यादी करावी. हे काम वामनरावांकडे आले. साहेबाने सांगून ठेवले होते, यादी बिनचूक झाली तर नोकरी कायम. एक गाडी जरी चुकली तरी घरचा रस्ता धरावा.

घरचा रस्ता वामनरावांना चांगला ठाऊक होता. मुंबईच्या वैद्यकशाळेत दोन वर्षे काढून ते एकदा त्या रस्त्याने परत आले होते. रसायनात त्यांचा पहिला नंबर होता. पण पहिल्याच शस्त्रक्रियेला रोग्याच्या आधी तेच बेशुद्ध पडले. तेव्हापासून मोर्शीचे सासरे भेटेल त्याला विचारत, “आमचे जावई सध्या कशाचे डाक्तर हायेत?” बायको जमुना माहेरी जायचेच टाळू लागली होती. ही नोकरी कायम झाली असती तर निदान त्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते.

“नत्थुजी, बैलाचा जोडीदार रोज बदलतो का कुठे?”

“बदलते ना. आज माहा बैल गोदाबाईच्या बैलासंग, उद्या उत्तमरावच्या. परवा आनखी गोदाबाईच्या.”

“पण काहून?” वामनराव चिडले की मुंबईची भाषा गळून पडे.

उत्तर विहिरीच्या काठावरून आले. गोदाबाई तिथे बसून सुपारी कातरत होत्या. नवरा गेल्यापासून आपला वाटा त्या स्वतः वाहत होत्या आणि इतर पाच जणांना जमेल तेवढे वळण लावत होत्या.

“काहून म्हंजे? डोकं नव्हतं म्हून! या पाची जनाईनं भाव चढला म्हून एकेक बैल इकला. मीबी इकला, खोटं काहून बोलू? मंग परत घ्याले गेलो तं बजारात बैलच नाई! राह्यले एकेक. एका बैलाची गाडी चालते का बाबू?”

हकिकत तशी सरळ होती. एका मोठ्या विहिरीभोवती सहा जणांची शेते, भाकरीचे सहा तुकडे करावेत तशी. नत्थुजी, त्यांना लागून गोदाबाई, मग खुशालराव, महादेवराव, शेषराव, उत्तमराव आणि उत्तमरावांना लागून पुन्हा नत्थुजी. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी शेजारी, प्रत्येकाकडे एकच बैल. पहिल्यांदा त्यांनी कायमच्या जोड्या लावून पाहिल्या; आठ दिवसांत डोकी फुटायची पाळी आली. मग गोदाबाईंनी तोड काढली. एक दिवस या हाताच्या शेजाऱ्याशी जोडी, दुसऱ्या दिवशी त्या हाताच्या. आज भांडण झाले तरी उद्या जोडीदार दुसराच असतो आणि परवापर्यंत राग निवतो. सहाही जणांचे तेव्हापासून असे काही जमले होते की आसपासच्या गावांतून लोक पाहायला येत.

अकोल्याचे ओमप्रकाश शेटसुद्धा येऊन गेले होते. गाड्या भाड्याने घेण्याचा त्यांचा धंदा, भाव वाटेल तो द्यायची तयारी. त्यांनी महादेवरावांना जोडी मागितली. महादेवराव म्हणाले, “नेजा, पन उद्या याले शेषरावसंग जा लागते.” शेट शेषरावांकडे गेले. त्यांचा बैल परवा उत्तमरावांना हवा होता. उत्तमरावांचा नत्थुजींना, नत्थुजींचा गोदाबाईंना. शेटनी विहिरीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि हात हलवत अकोल्याला गेले.

ही सगळी हकिकत ऐकून वामनरावांनी नोंदवही मिटली. त्यांना एक शास्त्रीय उपाय सुचला होता.

मुंबई सोडताना रसायनाच्या मास्तरांनी त्यांना आठवण म्हणून एक लाकडी पेटी दिली होती. तिच्यात तीन बाटल्या होत्या: गुलाबी, जांभळी आणि निळी. दगडी कोळशाच्या डांबरातून विलायतेत नव्याने काढलेले हे रंग. मास्तर म्हणाले होते, “वामन, या सगळ्या रंगांचं मूळ घराणं एकच. सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन. कार्बनला हात चार, हायड्रोजनला एक. मांडून पाहिलंस तर कार्बनचे कितीतरी हात रिकामे उरतात. असा पदार्थ खरं तर भुकेलेला असायला हवा, दिसेल त्याला धरायला हवा. पण हा कशालाच हात लावत नाही. संतासारखा बसून राहतो. का, ते कुणालाही कळलेलं नाही. तुला कळलं तर मला लिही.”

वामनरावांनी त्यावर पुष्कळ विचार केला होता. काही कळले नव्हते. पण रंग पक्के होते एवढे खरे. त्यांनी स्वतः ताडून पाहिले होते: सुती धोतरावर पडलेला थेंब दोन धुण्यांत फिका होतो, पण रेशीम, लोकर, शिंग आणि माणसाचे नख यांना हा रंग एकदा लागला की लागला.

“आज ज्या जोड्या आहेत त्याच धरू,” ते म्हणाले. “प्रत्येक जोडीची शिंगं एका रंगानं रंगवतो. मग गुलाबीशी गुलाबी, जांभळ्याशी जांभळा, निळ्याशी निळा. म्हणजे घोटाळाच नाही.”

“पोया तं कवाचाच झाला ना बाबू,” गोदाबाई म्हणाल्या; शिंगे रंगवायची ती पोळ्याला, एवढेच त्यांना ठाऊक. पण रंग फुकट होता आणि बाटलीतला गुलाबी तर असा काही झळकत होता की तसा कुणी जन्मात पाहिला नव्हता. तासाभरात नत्थुजी आणि गोदाबाईंचे बैल गुलाबी झाले, खुशालराव आणि महादेवरावांचे जांभळे, शेषराव आणि उत्तमरावांचे निळे. वामनरावांची दहाही नखे तिरंगी झाली. त्यांनी यादीत गाड्या तीन, जोड्या तीन असे लिहिले आणि समाधानाने अमरावतीला परतले.

दुसऱ्या दिवशी सहाही जणांनी शिंगांचे मनापासून कौतुक केले आणि नेहमीप्रमाणे जोडीदार बदलले.

अमरावतीच्या नाक्यावर एक मुनशी बसत असे. रंगीत शिंगांच्या गाड्या मोजणे त्याला फार सोपे गेले. मंगळवारी त्याने लिहिले: एक गाडी गुलाबी-जांभळी, एक जांभळी-निळी, एक निळी-गुलाबी. बुधवारी लिहिले: एक नुसती गुलाबी, एक नुसती जांभळी, एक नुसती निळी. बेरीज सहा. गुरुवारी ती बेरीज साहेबाच्या मेजावर होती आणि मेजासमोर वामनराव.

साहेब मराठी शिकला होता तो व्याकरणाच्या पुस्तकातून. त्यामुळे त्याचा राग फार शुद्ध असे.

“तुमच्या यादीत गाड्या तीन आहेत. नाक्यावर सहा मोजिल्या गेल्या. उरलेल्या तीन गाड्या तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून लपविल्या?”

“साहेब, बैल तेच. जोड्या बदलतात.”

“जोडी बदलती तर तिला जोडी कोण म्हणते? बैल या गाडीचा असेल, नाही तर त्या गाडीचा असेल. दोहोंचा एकदम कसा असेल?” साहेबाची नजर वामनरावांच्या नखांवर गेली. “आणि ही बोटे कशाने रंगली आहेत?”

वामनरावांनी हात मागे घेतले.

“पुढील शनिवारी मी स्वतः तेथे तंबू देईन आणि मोजीन. यादी खोटी ठरली तर तुमचे काम समाप्त.”

घरी जमुनाने राख, रिठे, चिंच आणि ताक अशा चारही उपायांनी त्यांची नखे घासली. बोटे सोलवटली. रंग तसाच राहिला.

“असा कसा हो रंग तुमचा?” ती म्हणाली. “आपली नौकरी या रंगावानी पक्की असती तं मी मोर्शीले जाऊन आली असती.”

वामनराव सकाळीच विहिरीवर गेले. बरोबर मुद्रेचा कागद नेला होता. जोडीदार बदलायचाच नाही असा करार त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला: गुलाबी ते गुलाबी, जांभळे ते जांभळे, निळे ते निळे, कायम. नत्थुजींना कागद पसंत नव्हता. पण वामनरावांची नोकरी जाईल म्हणून त्यांनी अंगठा उठवला. त्यांचे पाहून बाकीच्यांनी उठवला. गोदाबाईंनी सगळ्यांत शेवटी.

“बाबू, तुह्यासाठी करून राह्यलो हे. पन हे टिकत नाई पाय.”

ते तीन दिवससुद्धा टिकले नाही. पहिल्या संध्याकाळी गुलाबी जोडी बांधायची कुणाच्या गोठ्यात यावरून नत्थुजी आणि गोदाबाई यांचे बिनसले. एरवी हा प्रश्न दुसऱ्या दिवशी आपोआप सुटत असे. आता दुसरा दिवस पहिल्यासारखाच होता. शेषरावांचा बैल चपळ, उत्तमरावांचा निवांत. आजवर एका दिवसाची ती चिडचिड दुसऱ्या शेजाऱ्याकडे विसरून जाई. आता ती साठत गेली आणि तिसऱ्या दिवशी निळी गाडी भर रस्त्यात उभी राहिली: शेषराव एका बाजूला तोंड करून बसलेले, उत्तमराव दुसऱ्या.

आणि खुशालराव-महादेवराव? कागदाचा वास ओमप्रकाश शेटना अकोल्यात बसून आला. ते हजर झाले, करार वाचून घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. आता प्रदक्षिणेची गरज नव्हती. जांभळी जोडी सुटी होती, तिचे दोन मालक समोर उभे होते आणि बाकी कुणाला विचारण्याचे कारण नव्हते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ती गाडी पूर्ण हंगामासाठी ठरवली आणि पुरावा म्हणून तो कागदही स्वतःकडे ठेवून घेतला.

बातमी गुरुवारी वामनरावांपर्यंत पोचली तेव्हा शनिवार दोन दिवसांवर होता. तीन गाड्यांच्या यादीतली एक अकोल्याच्या वाटेला लागली होती, एक रस्त्यात अडून होती आणि एक कुणाच्या गोठ्यात हे गोदाबाई नत्थुजींना सांगत नव्हत्या.

वामनराव धावत नाक्यावर आले. तिथे जांभळी गाडी उभी होती आणि तिच्यापुढे, रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून गोदाबाई. मागे नत्थुजी धापा टाकत होते. गाडीवर खुशालराव आणि महादेवराव मान खाली घालून बसले होते.

“बाई, सरका,” शेट म्हणत होते. “करार झालेला आहे. हा बघा कागद.”

“मले वाचता येत नाई,” गोदाबाई म्हणाल्या. “ज्यानं लेयला त्याले दाखवा.”

शेटनी कागद वामनरावांच्या हातात दिला. वामनरावांनी तो पाहिला. सुंदर अक्षर होते. एका रकान्यात एकच नाव, कुठे खाडाखोड नाही. हा कागद राहिला तर यादी खरी होती, नोकरी कायम होती. फक्त माणसे मोडत होती. त्यांना साहेबाचा चेहरा दिसला, मग सासऱ्यांचा. मग त्यांनी गोदाबाईंकडे पाहिले. त्या त्यांच्याकडे न पाहता बैलाची पाठ थोपटत होत्या.

वामनरावांनी कागद फाडला. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांना सवयच नीटनेटकेपणाची; बरोबर सहा तुकडे झाले.

“हे काय केलंत?” शेट ओरडले.

“महादेव,” गोदाबाई म्हणाल्या, “उद्या शेषरावची पाळी.”

“हाव ना,” महादेवराव इतक्या चटकन उतरले की बैल दचकला.

“बरं, मग खुशालरावचा एकटा तरी बैल राहू द्या,” शेट अजिजीने म्हणाले.

“त्याले उद्या माह्यासंग जा लागते,” गोदाबाई म्हणाल्या.

“आणि तुमचा परवा?”

“परवा नत्थुजीसंग.”

“नत्थुजींचा उद्या?”

“उत्तमरावसंग,” नत्थुजी म्हणाले.

शेटनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडले. मग ही वाट आपण पूर्वी चाललो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते मुकाट्याने टांग्यात बसले.

शुक्रवारी साहेबाचा तंबू विहिरीजवळच्या लिंबाखाली उभा राहिला. वामनरावांनी घरून निघताना जमुनाला सांगून ठेवले होते, सामान बांधून ठेव.

शनिवारी सकाळी तंबूसमोरून तीन गाड्या गेल्या: गुलाबी, जांभळी, निळी. साहेबाने वहीत तीन रेघा ओढल्या. रविवारी सकाळी तीन गाड्या गेल्या: गुलाबी-जांभळी, जांभळी-निळी, निळी-गुलाबी. साहेबाने आणखी तीन रेघा ओढल्या आणि वामनरावांना बोलावले.

“सहा.”

“साहेब, मी खरं तेच सांगतो,” वामनराव म्हणाले. “गाड्या तीनच आहेत. बैल सहाच आहेत. काल जे होते तेच आज आहेत.”

“मी स्वतः, माझ्या डोळ्यांनी, सहा निरनिराळ्या गाड्या मोजिल्या आहेत.” साहेबाने गोदाबाईंना बोलावून घेतले. “बाई, भिऊ नका. ह्या विहिरीवर जोड्या किती आहेत?”

गोदाबाईंनी बोटांवर मोजले. नत्थुजीसंग आपली एक, खुशालरावसंग आपली दुसरी, खुशालराव-महादेव तिसरी, महादेव-शेषराव चौथी, शेषराव-उत्तमराव पाचवी, उत्तमराव-नत्थुजी सहावी.

“सहा,” त्या म्हणाल्या. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती.

“पहा!” साहेब वामनरावांकडे वळला. “अडाणी बाई आपली जोडी मोजू शकते आणि मुंबईत शिकलेला मनुष्य मोजू शकत नाही!”

“पण साहेब, बैल—”

“माझ्या नमुन्यात बैलांची बेरीज मागितली नाही. गाड्यांची मागितली आहे.” साहेबाने स्वतः नोंदवही ओढली, तीनचा आकडा खोडला, सहा लिहिला आणि खाली सही ठोकली. मग यादीकडे कौतुकाने पाहिले. नांदगावच्या रस्त्यावर एका विहिरीपाशी सहा गाड्या! वरच्या साहेबाला हे कळवण्यासारखे होते. “यादी आता बिनचूक आहे. मी बिनचूक यादीचे वचन दिले होते. तुम्ही कायम झालात. अकोल्यास जा आणि तिकडील गाड्या ह्याच रीतीने, शिंगे रंगवून, मोजा.”

वामनरावांनी नोकरी घालवण्यासाठी जे जे करता येईल ते केले होते. याउपर त्यांचा इलाज नव्हता.

बांधलेले सामान उपयोगी पडले. पुढच्या आठवड्यात दोघे अकोल्याला आले. उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव दाणकन खाली बसला. ओमप्रकाश शेटनी हंगामभर बांधून ठेवलेल्या जोड्या एकेक करून सुटल्या, गाडीवाले पांगले. विहिरीवर मात्र काही फरक पडला नाही असे नांदगावहून येणारे लोक सांगत. सोमवारी या शेजाऱ्याशी, मंगळवारी त्या शेजाऱ्याशी. शिंगे वाढत होती, तरी टोके अजून रंगीतच होती.

पावसाळ्यानंतर मुंबईहून मास्तरांचे पत्र आले. वामनरावांनी ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचले. जमुना समोर तुरी निवडत होती.

‘चि. वामन, आपल्या त्या हट्टी पदार्थाविषयी युरोपातल्या एका विद्वानाने नवी कल्पना मांडली आहे. तो म्हणतो, सहा कार्बन ओळीत नसून वर्तुळात बसले आहेत. प्रत्येकाचा एक हात या शेजाऱ्याला, एक त्या शेजाऱ्याला आणि एक हायड्रोजनला. मग प्रत्येकाजवळ एकेक हात शिल्लक राहतो. सहा हातांच्या तीन जोड्या. पण माझे घोडे पुढेच अडते. शिल्लक हात या शेजाऱ्याला दिला म्हणावा की त्या? दोन्ही मांडण्या सारख्याच बरोबर दिसतात. आणि एवढे असून तो पदार्थ इतका शांत, इतका टिकाऊ कसा? बाहेरचा कुणी येऊन एक जोडी का फोडू शकत नाही? तू चिकित्सक आहेस. तुझे मत कळव.’

जमुनाचा हात सुपात थांबला.

“अवो, हे तं आपल्या गोदाबाईच्या विहिरीचं लेयलं ना त्याईनं!”

“अगं, हे रसायन आहे,” वामनराव म्हणाले. “तिथं बैल नसतात.”

“नसन. पन ते सहा जन, ते आजूबाजूचे शेजारी...”

“तू तुरी निवड.”

तिने सूप पुढे ओढले आणि हसू दाबण्यासाठी एकदोन दाणे तोंडात टाकले. वामनरावांनी दौत-लेखणी काढली, नखांकडे एकदा पाहिले आणि ठळक, सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिले:

‘ती. गुरुवर्यांस सा. न. वि. वि. सदर विद्वानाची कल्पना मला संभवनीय वाटत नाही. सहा जणांच्या तीन जोड्या अशा अनिश्चित ठेवून काहीही टिकत नाही आणि अशा जोड्यांची नोंद तर मुळीच करता येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः प्रयत्न करून पाहिला आहे.’